छपरावर गेलेलं घरटं

माळावर काय? गवत.
गवतात काय? घरटं.
घरट्यात काय? अंडं.
अंड्यात काय?
ते आत्ता नाही सांगायचं. आधी गोष्ट ऐकायची.

ते घरटं होतं तुराबाईचं. तुराबाई म्हणजे चंडोल पक्षीण. केवढी? तुझ्या मुठीएवढी. रंग मातीचा. डोक्यावर छोटासा तुरा. चंडोल काही झाडावर घर बांधत नाही. तो बांधतो जमिनीवर, गवताच्या बुडाशी. तुराबाईनं वाटीएवढं घरटं केलं होतं. आत मऊ मऊ काड्या. कडेला एक निळं पीस, शोभेला.

आणि आत एकुलतं एक अंडं.

तुराबाई दिवसभर अंड्यावर बसायची. मध्येच उठायची. वाकून बघायची.
"गार तर नाही ना झालं?"
नाही झालं. पुन्हा बसायची. पुन्हा उठायची.
"आता तर नाही ना झालं?"
आईचा जीव! तो असाच.

माळ मोठाच्या मोठा. तिथं घर नाही, दार नाही. चुलीचा धूर नाही. माणूस तर नाहीच नाही.

एके दिवशी लांबून आवाज आला. खुडुक खुडुक, कुंई कुंई! खुडुक खुडुक, कुंई कुंई!
बैलगाडी आली!
गाडीत होता भिवा. भिवाची बायको सगुणा. त्यांची छोटी बकू. गाडीत जातं, घागर, घोंगडी, नांगर. गाडीच्या मागं बांधलेली मोरी गाय. आणि सगळ्यांच्या मागं लंगडत लंगडत मोरीचं वासरू.

भिवानं खाली उडी मारली. मूठभर माती उचलली. वास घेतला.
"हितंच," तो म्हणाला. "हितंच बांधायचं आपलं घर."
सगुणानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नुसतं गवत.
"अवो, पण शेजार कुठाय? मीठ संपलं तर मागायचं कुणाकडं?"
भिवा हसला. "आधी घर तर हू दे. शेजार काय, येतोय मागनं!"

मग कामाला लागली सगळी. लाकडाच्या मेढी, म्हणजे खांब, रोवल्या, ठक ठक ठक. काटक्यांच्या भिंती विणल्या, खचक खचक. भिंतींना माती थापली, थप थप थप. राहिलं काय? छप्पर! छप्पर कशाचं? गवताचं!
भिवानं विळा घेतला. खस्स खस्स! खस्स खस्स! गवत कापलं. पेंढ्या बांधल्या. पेंढ्या वर चढवल्या.

तुराबाई तेव्हा कुठं होती? ती दाणे टिपायला गेली होती. "ही गेले आणि ही आले हं, बाळा," असं अंड्याला सांगून गेली होती.
आली परत. बघते तर काय!
गवत नाही. घरटं नाही. अंडं नाही.
"अगंबाई! माझं घर कुठं गेलं?"
खाली बघितलं. नुसते खुंट. वर बघितलं. नवं छप्पर. छपरावर पेंढ्याच पेंढ्या. आणि एका पेंढीतून काय डोकावत होतं? निळं पीस!

तुराबाई उडाली, भुर्रर्र! पेंढीवर बसली. चोच घातली. आत जाता येईना. दोरी आवळून बांधलेली. पेंढी घट्ट म्हणजे घट्ट.
"अंडं माझं गार होईल! ऊन उतरलं की गार होईल!"

भिवा शिडीवर होता. तुराबाई त्याच्या खांद्याशी आली.
"भिवादादा, भिवादादा, पेंढी सोड. माझं घरटं पेंढीत, माझं अंडं घरट्यात."
भिवानं जीभ चावली. "अरारारा! बघून कापाय पायजे हुतं गं. चुकलं माझं!"
त्यानं दोरीला हात घातला. आणि थांबला. हात मागं घेतला.
"पर आमच्यात रीत हाय, बाई. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं. दूध उतू गेल्याबिगर बांधलेलं छप्पर सोडायचं न्हाई. तू सगुणेकडं जा. ती दूध उतू घालंल, मग मी पेंढी सोडीन."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

सगुणा नवी चूल सारवत होती. हात शेणामातीनं भरलेले.
"सगुणाताई, सगुणाताई, चूल पेटव, दूध उतू घाल.
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"अगं माझ्या बाई!" सगुणानं भरलेला हातच छातीवर ठेवला. "मलाबी लेकरू हाय. कळतंय मला. पर चूल कशी पेटवू? नव्या घरात पहिला जाळ दुधाखालीच लागतो. रिकामं भांडं ठिवलं तर लोक हसतील मला."
"लोक? कुठं आहेत लोक?"
"नसनात का! दूध कुठाय ते सांग. ती मोरी सकाळधरनं लाथा झाडतीय. तू मोरीकडं जा. ती दूध दील, मग मी चूल पेटवीन."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

मोरी खुंट्याला बांधलेली. शेपटी आपटत होती, फट फट.
"मोरीमावशी, मोरीमावशी, दूध दे.
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"हम्मऽऽ! दूध दे म्हणे! माझं वासरू तिकडं दगडाशी बसलंय. हाका मारून घसा बसला माझा. ते आलं नाही, ढुशी दिली नाही, तर मला पान्हा फुटेल कसा? तू वासराकडं जा. ते उठून येईल, मग मी दूध देईन."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

वासरू दगडाशी बसलं होतं. कान पाडून.
"वासरा, वासरा, ऊठ, आईकडं जा.
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"म्हँऽऽ! नाही उठत जा! खुरात काटा आहे. उभं राहिलं की टोचतो. तू काट्याला सांग. तो बाहेर निघेल, मग मी उठेन."

आता कुठं जायचं? कुठंच नाही. काटा तिथंच होता. तुराबाईनं वासराच्या खुरात वाकून बघितलं.
"काट्या, काट्या, बाहेर निघ.
वासरू जागचं उठेना,
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"ए, कोण गं तू?" काटा आतूनच म्हणाला. मोठा आगाऊ होता. "मी आलो गाडीमागनं फुकट फिरत. मी कशाला निघू?"
तुराबाईनं चोचीत धरून ओढला. सटक! चोच घसरली.
"हॅ हॅ हॅ! चोचीनं निघतो होय मी? काट्याला काटाच लागतो! तू बाभळीकडं जा. ती काटा टाकेल, मग मी निघेन."

ऊन पिवळं झालं. तुराबाईनं छपराकडं बघितलं. निळं पीस दिसत होतं.
"थांब हं, बाळा. आलेच हं."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

अख्ख्या माळावर झाड एकच. बाभूळ.
"बाभूळकाकू, बाभूळकाकू, काटा टाक.
काटा बाहेर निघेना,
वासरू जागचं उठेना,
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"काट्यांना काय तोटा माझ्याकडं!" बाभूळ म्हणाली. "हवे तेवढे ने. ओढ बघू."
तुराबाईनं ओढला. उं हूं. पायाला रेटा देऊन ओढला. उं हूं. काटा हलेना.
"बघ. तसा नाही सुटत. वारा आला की माझी फांदी हलते. फांदी हलली की वाळका काटा पडतो. आज वाऱ्याचा पत्ता नाही. तू वाऱ्याकडं जा. तो वाहील, मग मी काटा टाकीन."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

वारा टेकडीमागं बसला होता. गाल फुगवून. रुसली होती स्वारी!
"वारादादा, वारादादा, वाहा की रे.
बाभूळ काटा टाकेना,
काटा बाहेर निघेना,
वासरू जागचं उठेना,
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
"फूः! मी नाही जाणार तिकडं. ती नवी माणसं काय म्हणतात, ऐकलंस? 'वारा नको गं बाई, वारा नको. छप्पर उडंल.' छपरावर दगड ठेवलेत दगड! माझ्या नावानं! या माळावर मी कधीपासून राहतो. आणि मलाच नको म्हणतात?"
"नवी आहेत रे ती. घाबरतात."
"ते काही नाही. त्यांच्या घरातलं कुणीतरी मला 'ये' म्हणू दे. त्यांची बकू आहे ना, तिच्याकडं जा. ती हाक मारील, मग मी वाहीन."

निघाली तुराबाई. तुरुतुरु, तुरुतुरु... आता पंख दुखत होते. तरी पण, भुर्रर्र!

बकू बैलगाडीखाली बसली होती. चाकाला टेकून. अंगठा तोंडात. आल्यापासून ती कुणाशी बोललीच नव्हती.
"बकू, बकू, वाऱ्याला हाक मार.
वारा काही वाहेना,
बाभूळ काटा टाकेना,
काटा बाहेर निघेना,
वासरू जागचं उठेना,
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!"
बकूनं मान हलवली. नाही.
"का गं बकू?"
बकूनं अंगठा थोडासा बाहेर काढला.
"हितं कुनीच न्हाई. गंगू न्हाई. मांजर न्हाई. नुसतं गवात. मला न्हाई बोलायचं."
"एकदाच म्हण ना. नुसतं 'ये' म्हण."
"कुनीतरी गानं म्हनलं तर म्हनीन." आणि अंगठा परत तोंडात.

झालं! सूर्य टेकडीला टेकला. गार सावली माळावर पसरली. तुराबाई चाकावर बसली. मटकन.
"बकू हाक मारेना,
वारा काही वाहेना,
बाभूळ काटा टाकेना,
काटा बाहेर निघेना,
वासरू जागचं उठेना,
मोरी दूध देईना,
सगुणा चूल पेटवेना,
भिवा पेंढी सोडेना,
अंडं माझं मिळेना!
आता मी कुणाकडं जाऊ?"

भिवानं सांगितलं, सगुणेकडं जा. सगुणानं सांगितलं, मोरीकडं जा. जो तो सांगतो, दुसऱ्याकडं जा. बकूनं कुणाकडं जा सांगितलं? 'कुनीतरी'कडं.
हा 'कुनीतरी' कोण? या माळावर गाणं कोण म्हणतं? बाभूळ म्हणत नाही. मोरी म्हणत नाही. काटा तर मुळीच नाही.
तुराबाईचा तुरा ताठ उभा राहिला.
"अय्या! ती तर मीच की!"

पण गाणं येतंय कुठं? जीव छपरावर. तुराबाईनं चोच उघडली. "चिर्..." थांबली. पुन्हा उघडली. "चिर्र..."
मग तिनं डोळे मिटले. अंडं डोळ्यांपुढं आणलं. आणि उडाली. भुर्रर्र, सरळ वर! गाडीच्या वर. छपराच्या वर. बाभळीच्याही वर. आभाळात इवलासा ठिपका. आणि त्या ठिपक्यातून गाणं सांडलं,

"चिरिरिरी, चिरिरिरी,
माळावर माझ्या घरी!
चिरिरिरी, चिरिरिरी,
ये गं बकू, ये गं परी!"

बकूनं अंगठा काढला. गाडीखालून बाहेर आली. मान वर केली. इतकी वर, इतकी वर, की धप्पकन पडली! आणि हसली. खुदुखुदु, खुदुखुदु!
सगुणाच्या हातातली माती गळून पडली. "अवो! आपली बकू हसली!"
बकू उठली. टेकडीकडं तोंड केलं. दोन्ही हात पसरले.
"वाऱ्याऽऽ! ये ये येऽऽ!"

आता बघ काय झालं!
बकूनं हाक मारली,
वारा उठून वाहू लागला, सूंऽऽ सूंऽऽ!
बाभळीनं फांदी हलवली, सळ सळ, काटा टाकला, टप्!
तुराबाईनं तो चोचीत उचलला. वासराच्या खुराशी नेला.
"हॅ हॅ, आलीस परत?" आतला काटा म्हणाला.
तुराबाईनं काट्यानं काटा उकरला. "म्हँ!" एकदाच. निघाला बाहेर! आगाऊ काटा मातीत. गप्प.
वासरू उठलं, टुणुक टुणुक आईकडं धावलं, ढुशी दिली, ढुम्म!
मोरीला पान्हा फुटला. सगुणानं चरवी धरली, चुर्र चुर्र, चुर्र चुर्र!
सगुणानं चूल पेटवली. वाऱ्यानं दारातून हळूच फुंकर घातली. फूऽऽ! भडकला जाळ!
दूध वर आलं, वर आलं, वर आलं... फस्स!
"उतू गेलं!" सगुणा ओरडली.
"उतू गेलं!" बकू नाचली.
भिवा शिडीवरच थांबला होता. हात दोरीवर ठेवूनच. त्यानं दोरी ओढली. सुटली पेंढी!

पेंढीत घरटं. घरट्यात अंडं.
तुराबाई आली. पण जवळ जाईना. सूर्य तर बुडाला होता. ऊन कधीच उतरलं होतं.
"दादा, तूच हात लाव. गार झालंय का रे? मला नाही बघवत."
भिवानं एक बोट लावलं. अगदी हळू.
"गार? अगं, कोमट हाय की! छान कोमट!"
कसं काय बरं? छपराखाली काय होतं? चूल! चुलीचा जाळ खाली, ऊब वर. दूध तापलं तसं छप्पर तापलं. छप्पर तापलं तशी पेंढी तापली. पेंढीतल्या अंड्याला सगुणाच्या चुलीनं पोटाशी घेतलं होतं.

आणि तेवढ्यात...
टक.
टक टक.
टक टक टक... फट्!
अंड्यात काय? आता सांगू?
पिल्लू!
डोळे मिटलेले. अंगावर लव. चोच एवढी मोठी उघडलेली. "चिक्!"

भिवा ओंजळीत घरटं घेऊन खाली उतरला. पाय दिसेनात, तरी एकेक पायरी चाचपत उतरला. दाराशी गवताचा एक झुबका कापायचा राहिला होता. त्यात त्यानं घरटं ठेवलं.
"ह्या गवताला आता कुनी विळा लावायचा न्हाई," तो म्हणाला. "मीबी न्हाई."
सगुणानं चिमूटभर दाणे आणून टाकले. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"आला गं बाई, आला माझा शेजार! मीठ न्हाई मागायची तुझ्याकडं. गाणं तेवढं दे सकाळी. बकू हसती."
"देईन की," तुराबाई म्हणाली. "आणि तू चुलीची ऊब दे."
"घे की. भिंतीला भिंत हाय आपली."

छपराला भोक पडलं होतं. भिवानं तिथं दुसरी पेंढी बसवली. तुराबाईनंही एक काडी आणली आणि मध्ये खोचली. मग झालं घर पुरं. वाऱ्यानं जाता जाता हलवून बघितलं. पक्कं होतं.

त्या घराची रीत आता काय आहे, ठाऊक आहे? गवत कापायच्या आधी विळा नाही उचलायचा. आधी बकू पुढं जाते. टाळ्या वाजवते. आणि विचारते,
"कुनी हाय का घरात?"
गवतातून "चिर्र" आलं, की तेवढं गवत तसंच ठेवायचं.

माळावर काय? घर.
घरात काय? चूल.
चुलीवर काय? दूध.
आणि दारात काय? तुराबाई, पोटाखाली पिल्लू घेऊन. एकदा उठते. वाकून बघते. गार तर नाही ना झालं?
नाही झालं.
पुन्हा बसते.

माझी गोष्ट उतू गेली, तुझी वाटी पुढं कर!